शंभर मिलिलिटर

पिशवी आधी कोमट पाण्यात ठेवायची.
गार सलाईन कातडीखाली गेलं की तू शहारतेस,
आणि तुझ्या शहाऱ्याची मी धास्ती घेतलीय, मुराबा.
मनगटावर थेंब पाडून बघतो,
तान्ह्याचं दूध बघतात तसं,
मग पिशवी भिंतीवरच्या खिळ्याला.
या खिळ्यावर चाळीस वर्षं लंबकाचं घड्याळ होतं.
मागल्या महिन्यात विकलं,
तुझ्या रक्ताच्या तपासणीपायी.
तुला बोललो नव्हतो.

डॉक्टर तेकले अगदी पोरगेलीशी,
ग्ल्दानीच्या बाजारामागं तिचा दवाखाना.
म्हणाली, मूत्रपिंडं गेलीत, बातोनो ओतिया.
गेलीत म्हणजे कुठं, असं तोंडावर आलं होतं.
विचारलं एवढंच: सुई किती नंबरची?

उभा जन्म मी चिमट्यानं
केसाएवढ्या कमानी उचलल्या, भिंगाखाली, श्वास रोखून.
एतेरीची शवपेटी जिन्यावरून उतरवतानासुद्धा
हात कापला नव्हता.
आणि पहिल्या दिवशी तुझ्या खांद्यांमधली कातडी
तंबूसारखी वर धरली,
तर सुई आरपार,
सगळं पाणी तुझ्या पाठीवरून माझ्या पायमोज्यांत.
तू असं बघितलंस,
जसं गिऱ्हाईक बघतं
घड्याळ पुन्हा बंद केल्यावर टेबलावर दोन स्क्रू उरले की.

पाचव्या मजल्यावरून त्सिआला आली,
तीस वर्षं प्रसूतिगृहात काढलेली.
"भीत भीत टोचलं की जास्त दुखतं,
तिला नाही, तुला."
तिनं तुला टॉवेलात गुंडाळलं, वर नुसतं डोकं,
चुण्या घातलेली खिंकालीच जशी,
आणि माझ्या हातावर हात ठेवून
शंभरचा आकडा येईपर्यंत नळी धरून राहिली.
आम्ही दोघंही बोललो नाही.
थेंब बोलत होते.

गोळीचं मात्र वेगळंच.
पाव गोळी, ब्लेडनं कापलेली,
मनगटी घड्याळातल्या माणकाएवढी.
लोण्यात लपवली, तू लोणी चाटलंस.
खिम्यात लपवली: खिमा फस्त,
गोळी ताटलीत, धुऊन ठेवल्यासारखी.
शेवटी जबडा उघडून आत ढकलली, गळा चोळला,
गिळलीस असं वाटून मी क्रूस केला छातीवर,
आणि पलंगाखाली झाडताना
सापडले तीन दिवसांचे तीन तुकडे.
आता चंदेरी कागद कुरकुरला की तू शिलाई मशीनमागं.
म्हणून मी शेजारच्या खोलीत जातो, रेडिओ मोठा करतो,
आणि माझ्याच घरात
चोरासारखा गोळी सोडवतो.

त्या मंगळवारी तू पाण्यालाही तोंड लावलं नाहीस.
आमच्या लिफ्टला नाणं टाकावं लागतं.
खिसे उलटे केले, वीस तेत्री निघेनात.
सहा मजले, टोपली पोटाशी धरून, जिन्यानं.
तू ओरडली नाहीस.
ओरडायची होतीस गं.
काट्यावर दोन किलो तीनशे.
तेकलेनं आकडा लिहिला
आणि पेनाचं टोपण बराच वेळ लावत बसली.

दुरुस्ती नव्हे ही, एवढं मला कळतं.
ही नुसती चावी.
रोज सकाळी, बेताची;
जास्त पीळ दिला की कमान तुटते,
हे मी शिकाऊ पोरांना ओरडून सांगायचो.

आज ईस्टर.
त्सिआलानं लाल अंडी पाठवलीत, सुलगुनीचा तुकडाही.
मीठ तुला वर्ज्य.
वहीत तारखेपुढं मी काहीच लिहिलं नाही,
चीज पाण्यात भिजवलं, पिळलं, पुन्हा भिजवलं,
नखाएवढं तुझ्यापुढं ठेवलं
आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो.
कुणी विचारलं तर मी पाहिलेलं नाही.

मागं वळलो तेव्हा बशी कोरडी होती.
आणि तू, टॉवेल नाही, त्सिआला नाही,
आपण होऊन त्या खिळ्याखाली बसलेली,
माझ्याकडे पाठ करून,
खांदे किंचित पुढं.

थांब जरा.
पिशवी अजून गार आहे.